भाडोत्री पट्टी

ऑफिसात तिला सगळे वायरमन म्हणायचे. "बाईमाणसाला हे काय नाव?" म्हणून आईने एकदा नाक मुरडलं होतं, पण एकदा पडलेलं नाव कुठे निघतंय! तीही त्या नावाला ओ द्यायला लागली होती आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही.

ती गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. गेम म्हटलं की लोकांना वाटतं, कुणीतरी एक हुशार माणूस कॉम्प्युटरपुढे बसतो आणि बनवून मोकळा होतो. कुठलं काय! एका कोपऱ्यात आकडेवाले बसतात. खेळाडूचा जीव किती उरला, ताकद किती, गुण किती, सगळं त्यांच्याकडे. दुसऱ्या कोपऱ्यात चित्रवाले. ते पट्ट्या काढतात, बटणं काढतात आणि हिरवा रंग गडद की फिका यावरून दिवस दिवस भांडतात. आणि या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणजे माणसं चहाला एकत्र जातात हो, पण त्यांची कामं एकमेकांना ओळखत नाहीत. जिवाची पट्टी कितीही देखणी काढा, आत खेळाडूला मार बसला हे तिला आपलं आपण थोडंच कळणार? कुणीतरी जाऊन सांगायला हवं. ते सांगणारी ही. आतला हा आकडा हलला की बाहेरची ही पट्टी हलव, हा शून्यावर आला की ते बटण विझव, अशा बारीक बारीक स्क्रिप्ट ती दिवसभर लिहायची. आकडा इकडे, चित्र तिकडे आणि मधली वायर हिची. म्हणून वायरमन.

आता या कामात एक पद्धत असते. खरा आकडा तयार व्हायला वेळ लागतो, आणि चित्रवाल्यांना तर आपली पट्टी भरताना कशी दिसते ते आजच्या आज बघायचं असतं. मग वायरमन काय करायची, तर पट्टीला एक नकली आकडा जोडून द्यायची, खरं काही न मोजताच वाढत जाणारा. ऑफिसात त्याला भाडोत्री म्हणत. खरा आकडा राहायला आला की भाडोत्र्याने जागा सोडायची, असा नियम. तो जागा सोडतोय की नाही हे बघण्याची जबाबदारीही हिचीच. पट्टीला काहीच जोडलं नसेल तर ती रिकामी दिसते आणि लगेच बोंब होते. पण भाडोत्री राहून गेला, तर पट्टी इतकी छान हलते की कुणाला शंकासुद्धा येत नाही. म्हणून गेम बाहेर जायच्या आधी ती एकेक पट्टी उघडून तिच्यामागे कोण बसलंय ते डोळ्यांत तेल घालून बघायची. या बाबतीत तिचा हात धरणारं ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं.

तिचे बाबा कुलपं दुरुस्त करायचे. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान, दुकान कसलं, दोन दारांएवढी फट. आत भिंतभर किल्ल्या टांगलेल्या आणि मध्ये बाबा. बोलायला अगदी घुमे. गिऱ्हाईक दहा वाक्यं बोललं की ते एक "हं" म्हणायचे. पण किल्ली हरवलेलं कुलूप न फोडता उघडावं तर त्यांनीच. लहानपणी त्यांनी तिला एकदा शिकवायला बसवलं होतं. तेव्हा हिने फणकाऱ्याने सांगितलं होतं, "मी नाही असली तेलकट कामं करणार." बाबा त्यावरही "हं" म्हणाले होते.

मागच्या वर्षी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, बोलणं सावरलं, तसंही ते बोलणं कितीसं होतं! पण उजवा हात मात्र रुसून बसला. मूठ वळायची नाही, चमचा धरवायचा नाही. दुकानाला कुलूप लागलं. कुलूपवाल्याच्या दुकानाला कुलूप, असं म्हणून बाबा एकदाच हसले आणि मग महिनोन्महिने खिडकीशी बसून राहिले.

नेमका त्याच सुमाराला ऑफिसात अशाच हातांसाठी एक गेम बनत होता. एक मऊ रबरी चेंडू. तो दाबला की समोरच्या टॅबवर विहिरीतून बादली वर येते. बादली प्रत्येकासाठी वर यायची, हात कितीही दुबळा असला तरी. तशीच सोय केली होती, नाहीतर माणूस पहिल्याच दिवशी चेंडू भिरकावून देईल. ताकद खरोखर किती वाढली ते सांगायचं काम बाजूच्या एका उभ्या पट्टीचं. तळाशी लाल, मध्ये पिवळी, वर हिरवी.

गेम अजून पुरा झाला नव्हता, पण हिला दम निघेना. साहेबांना विचारून तिने एक प्रत घाईघाईने तयार केली, चेंडू पिशवीत घातला आणि घरी आणला.

"हे काय खेळणं?" बाबा म्हणाले.

"दाबा तर खरं."

बाबांनी दाबला. बादली हलली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, परत दाबला, आणि त्या दिवशी त्यांना जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

मग घराचं रूपच पालटलं. सकाळी उठले की बाबा आधी चेंडूशी. पट्टी रोज चढत होती. लाल संपून पिवळी लागली, त्या दिवशी त्यांनी आईला बोलावून दाखवली. पिवळी संपून हिरवी लागली, त्या दिवशी त्यांनी हत्यारांची चामडी गुंडाळी माळ्यावरून काढायला लावली आणि डाव्या हाताने एकेक सळई पुसून ठेवली. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, पकड अजून कमी आहे हं, घाई करू नका." बाबांनी मान डोलावली आणि त्या गेल्यावर म्हणाले, "तिला काय कळतंय? पोरीची पट्टी बघ म्हणावं." पोरीची पट्टी! हे ऐकून वायरमनचा ऊर भरून आला. ऑफिसात जाऊन तिने ते चारचौघांना सांगितलं.

आणि एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या लोखंडी कपाटाची किल्ली हरवली होती. आत त्यांनी नातवंडासाठी विणलेले कपडे, आणि लेकीचे दिवस भरत आलेले, सोमवारी निघायचं. "बाहेरचा माणूस बोलावला तर कपाट फोडून ठेवेल हो," काकू म्हणाल्या. "तुमचा हात कसा आहे आता?"

बाबांनी टॅबकडे बघितलं. हिरवी पट्टी पार गळ्यापर्यंत आली होती.

"रविवारी येतो," बाबा म्हणाले. "आणि पुढच्या महिन्यापासून दुकान उघडतोय."

काकू गेल्यावर आई कितीतरी वेळ उगाचच ओटा पुसत राहिली. तिचे डोळे भरले होते.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं! पण शुक्रवारी जेवताना आई हसत हसत म्हणाली, "तुझा तो गेम माझ्यावरही भारी खूश आहे हं. टेबल पुसायला चेंडू उचलला ना, तरी पट्टी टुणकन वर! मी म्हटलं, चला, आपलीही ताकद वाढली."

बाबा आत हात धुवायला गेले होते, त्यांनी ऐकलं नाही. हिच्या हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तरी ती ऑफिसात गेली. कॉम्प्युटर सुरू करून बाबांची ती पट्टी उघडली आणि मागे कोण बसलंय ते बघितलं. भाडोत्री! चेंडू हातात उचलला की थोडं वर चढायचं, एवढंच त्याला येत होतं. कुणी उचलला, किती जोराने दाबला, त्याला काही देणंघेणं नव्हतं. चित्रवाल्याला हिरवा रंग बघायचा होता म्हणून तिनेच एका दुपारी तो जोडला होता आणि घाईत तसाच राहू दिला होता. खरा आकडा केव्हाचा तयार होता, घरच्या टॅबवरून रोज ऑफिसात येऊन आत नुसता पडून होता. तिने तोही काढून बघितला. बाबांची पकड पहिल्या दिवशी होती, त्याहून जेमतेम कणभर वर. व्यायामाच्या बाई अगदी बरोबर सांगत होत्या.

जगाच्या पट्ट्या उघडून बघणारी ही, आपल्या बापाची पट्टी तिने एकदाही उघडली नव्हती. वेळ मिळाला नाही म्हणून नव्हे. ती चढत होती ना, मग उघडायची कशाला? चढत राहावी, एवढंच तिला हवं होतं.

चित्रवाला आपला विसरलेला चष्मा न्यायला आला होता. तिचा चेहरा बघून त्याने विचारलं आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "खरी वायर जोड, पण पट्टी खाली नको आणूस. आज आहे तिथेच थांबव. खरी ताकद तिथवर पोचली की मग पुढे सरकू दे. काकांना कळणार पण नाही. माणूस उमेदीवर जगतो गं."

चित्रवाला मनाने चांगला होता आणि त्याचं म्हणणंही काही वेडगळ नव्हतं. तिने तसं लिहिलं. चारच ओळी लागल्या. चालवून बघितलं तर पट्टी गळ्यापाशी हिरवीगार, शांत उभी. वायरमनचा जीव क्षणभर भांड्यात पडला. मग तिला रविवार आठवला. काकूंच्या खोलीत कपाटापुढे उभे असलेले बाबा, हातातून निसटणारी सळई, "असू दे हो" म्हणणाऱ्या काकू. बाबांना काय वाटेल? पट्टी खोटी आहे असं ते म्हणणारच नाहीत, पोरीची पट्टी ना ती! ते म्हणतील, आपलाच हात नालायक. तिने त्या चारही ओळी पुसल्या, खरी वायर जोडली आणि टॅबसाठी नवी प्रत घेऊन घरी आली.

बाबा खिडकीशी बसून हत्यारांच्या गुंडाळीचा बंद बांधत होते. ती समोर खाली बसली.

"बाबा, मला एक सांगायचंय. माझी चूक झालीय."

तिने सांगितलं. आडवळण न घेता, जसं होतं तसं. बाबा ऐकत राहिले.

"म्हणजे मी दाबला काय, नुसता उचलला काय, सारखंच?" शेवटी ते म्हणाले.

"हो."

"आणि हिने फडका मारताना उचलला तरी?"

"हो, बाबा."

"मग इतके दिवस मी काय करत होतो?"

ती रडायला लागली. बाबांनी तिला गप्प केलं नाही की रागावलेही नाहीत. चेंडू उचलून त्यांनी खिडकीच्या कडेला ठेवला, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, आणि रात्री जेवायला उठलेच नाहीत.

"सांगितलंस ते बरं केलंस," आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "पण मेले, जेवण झाल्यावर सांगायचं होतंस!"

रविवारी सकाळी ती काकूंना नकार कळवायला निघाली. काय सांगायचं ते मनाशी घोळवत चपला घालत होती, तोच मागून आवाज आला.

"थांब."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे. बटणं वरखाली लागली होती, डाव्या हाताने लावलेली. काखेत हत्यारांची गुंडाळी.

"बाबा, कशाला? मी सांगते ना काकूंना..."

"येतो म्हणालो होतो ना?" बाबा म्हणाले. "चल. आणि हात कोरडे पुसून घे आधी. तुला काहीही ओल्या हाताने धरायची सवय आहे."

काकूंच्या आतल्या खोलीत कपाटापुढे बाबांनी दोन स्टुलं मांडायला लावली. डाव्या हाताने एक चपटी सळई कुलपात सरकवली आणि किंचित पीळ देऊन धरली. मग टोकाला वाकवलेली बारीक तार तिच्यापुढे केली.

"ही उजव्या हाताची. ती तू धरायची."

"मला येत नाही, बाबा."

"माहीत आहे. मी बसवलं होतं तेव्हा पळालीस."

काकू हसल्या. हिने तार आत घातली. आत काही कळत नव्हतं, नुसता अंधार खरवडल्यासारखं वाटत होतं. बाबा सांगत होते, "ढोसू नकोस. आत पिना आहेत, ओळीने. एकेक उचलायची. बसली की बोटाला कळतं." हिच्या बोटाला काही म्हणता काही कळेना. कपाळाला घाम आला, तार दोनदा निसटली, एकदा बाबांनी जिभेने जोरात च्च केलं, तिच्या लहानपणी करायचे तस्सं. काकू चहा टाकायच्या निमित्ताने बाहेर गेल्या. बाई समजूतदार होती.

"जमत नाही, बाबा. खरंच नाही कळत मला."

मग बाबांनी तो रुसलेला उजवा हात खांद्यातून उचलला आणि तिच्या हातावर आणून ठेवला. ठेवला म्हणजे टाकलाच. जड, ढिला. बोटं तिच्या बोटांवर पसरली.

"आता हलव. हळू."

तिने हलवली.

"अजून वर. थांब... थांब!"

ती थांबली. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"बसली एक," ते म्हणाले.

"मला नाही कळलं."

"मला कळलं." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पोरी, मला कळलं गं. हातात आलं."

तिने मान वर करून बघितलं नाही. बघितलं असतं तर तार सुटली असती. बाबा म्हणतील तशी ती हलवत गेली. पुढे. जरा मागे. नको, परत. बसली. तिच्या हातात जोर होता आणि बाबांच्या हातात जाण होती. तो हात चमचा धरू शकत नव्हता, पण कुलपाच्या पोटात काय चाललंय ते त्याला तिच्या बोटांमधून अजून ऐकू येत होतं. हे कुणी मोजलंच नव्हतं. भाडोत्र्यानेही नाही आणि खऱ्या आकड्यानेही नाही.

शेवटची पीन बसली तेव्हा चपटी सळई बाबांच्या डाव्या हातात आपली आपण फिरली आणि कपाटाचं दार कुरकुरत उघडलं. काकू चहा घेऊन धावत आल्या. आतलं पिवळं स्वेटर बाहेर काढून छातीशी धरत म्हणाल्या, "काय बाई तुमच्या हाताची कमाल! हात बरा झाला की हो!"

"नाही झाला," बाबा म्हणाले. "हात हिचा होता."

तिला वाटलं आता आपण पुन्हा रडणार, म्हणून तिने चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

घरी आल्यावर बाबा खिडकीशी बसले. जरा वेळाने म्हणाले, "खरी पट्टी जोडली म्हणालीस ना? लाव बघू."

तिने टॅब लावला. पट्टीच्या तळाशी नखाएवढा लाल तुकडा. वर सगळी रिकामी. तिला ते बघवेना. बाबांनी खिडकीच्या कडेचा चेंडू मागितला, ओठ दाबून जोर लावला. बादली आली वर. पट्टी हलली की नाही ते नीट बघितल्याशिवाय कळलं नसतं.

"हलली का?"

"हलली, बाबा. थोडीशी."

"ही माझीच ना पण?"

"तुमचीच. तुम्ही दाबला तरच हलणार आता. आईने दिवसभर फडका मारला तरी नाही."

"हं," बाबा म्हणाले. मग बराच वेळ त्या लाल तुकड्याकडे बघत राहिले. "आणि मघाशी काकूंकडे हाताला कळत होतं, त्याची पट्टी कुठाय?"

"ती नाहीये. त्याचा आकडाच नाही आमच्याकडे. पट्टी जोडणार कशाशी?"

बाबांनी यावर विचार केला. मग बहुधा पटलं त्यांना.

"राहू दे. त्याची नको काढूस." त्यांनी चेंडू पुन्हा मुठीत घेतला, म्हणजे मूठ जेवढी वळत होती तेवढ्यात. "पुढच्या रविवारी लवकर ऊठ. दुकान झाडून घेऊ. तुझा हात फार जड आहे, शिकायला वेळ लागेल."

"मी?"

"मग काय तुझी आई?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मला काय झालंय? मला पट्टीने पास केलंय!" आणि कितीतरी दिवसांनी बाबा मोठ्याने हसले. हसताना चेंडू हातातून सुटून खाटेखाली गेला. वायरमन गुडघ्यांवर बसून तो काढायला लागली.

"दे इकडे लवकर," वरून बाबा म्हणाले. "आजचं माझं राहिलंय अजून."